गिटारचे कपाळ

विजेवर वाजणाऱ्या गिटारविषयी लिहायचे तर आवाजाविषयी लिहावे, असा दंडक आहे. मी इथे आवाजाविषयी जवळजवळ काहीच लिहिणार नाही. दांडीच्या टोकाला, जिथे तारा ताणायच्या सहा चाव्या बसवलेल्या असतात, तो वीतभर लाकडाचा तुकडा माझा विषय आहे. इंग्रजीत त्याला हेडस्टॉक म्हणतात. आमच्या घरात त्याला ‘कपाळ’ म्हणतात, आणि हे नाव आमच्या आईने दिलेले आहे.

१९९४ साली धाकट्या भावाने म्हापशाहून एक जुनी गिटार आणली. गिब्सनच्या लेस पॉलची ही कुठल्यातरी कारखान्यातली नक्कल होती. अंग लालसर आणि कपाळ काळेभोर, पुढूनही आणि मागूनही. बेळगावचा पहिला पावसाळा संपेपर्यंत तिचा सूर टिकेना. भावाने तारा बदलल्या, चाव्या बदलल्या, उपयोग शून्य. शेवटी मी ती मिरजेला एका सतारवाल्या चाचांकडे नेली. गिटार हे त्यांचे काम नव्हे, पण लाकूड ते लाकूडच. त्यांनी वाजवून पाहिली नाही. कपाळ आणि दांडी जिथे मिळतात तिथे मागच्या बाजूने नख फिरवले आणि म्हणाले, “मास्तर, ही मोडलेली हाय. चिकटवून वर काळं फासलंय.” रंग खरवडल्यावर तिरकी चीर स्पष्ट दिसली. विकणाऱ्याने ती सांगितली नव्हती, आणि रंगाने सांगू दिली नव्हती.

चीर तिथेच का पडते? गिब्सनच्या घडणीत कपाळ दांडीच्या रेषेत नसते, मागे कललेले असते. दांडी आणि कपाळ एकाच महोगनीच्या तुकड्यातून कापल्यामुळे त्या वळणावर लाकडाचे धागे आखूड पडतात. त्यातच दांडी सरळ ठेवणाऱ्या लोखंडी सळईसाठी नेमके तिथेच लाकूड कोरलेले असते. सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४५ किलोचा. पाठीवर पडली की गिटार मोडते ती इथे. कपाळाच्या दर्शनी भागावर गिब्सनवाले काळी पातळ फळी चढवतात आणि तिच्यात शिंपल्याने नाव जडवतात. ते देखणे दिसते, हे मी मान्य करतो. मॅन्डोलिन बनवणाऱ्या जुन्या घराण्याची ती रीत आहे. पण ती समोरची पाटी आहे. मागची बाजूही काळी असली की मला आता संशय येतो.

लिओ फेंडरची गोष्ट वेगळी. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस; त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने दांडी अंगाला सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. सुरुवातीच्या टेलिकास्टरची आणि १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरची दांडी मेपलच्या एकाच तुकड्याची, वर फक्त पारदर्शक लाखेसारखा थर. सळई मागून घालून खाच अक्रोडाच्या गडद पट्टीने बुजवलेली. ती पट्टी लपवण्याचा प्रयत्नच नाही. अंग रंगीत आणि कपाळ उघडे, म्हणजे हे दोन वेगळे तुकडे जोडले आहेत असे गिटार स्वतःच सांगते. माझ्या मते उघड्या कपाळाचे सौंदर्य याच कबुलीत आहे. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सच्या हातात जी पांढरी स्ट्रॅटोकास्टर होती, तिची छायाचित्रे पाहा. तो डावखुरा, त्यामुळे कपाळ उलटे. आणि त्या पांढऱ्या अंगानंतर मेपलचा पिवळसर रंग कसा उठून दिसतो! (१९६५ साली कंपनी सीबीएसकडे गेली आणि त्याच सुमारास हे कपाळ रुंद झाले. ते मला आवडत नाही, पण तो रंगाचा दोष नव्हे.)

साठच्या दशकात फेंडरनेच जॅझमास्टर आणि जॅग्वार या गिटारांवर अंगाच्या रंगाचे कपाळ द्यायला सुरुवात केली. हे रंग मोटारींचे, ड्युपाँट कंपनीचे. फिएस्टा रेड हा फोर्डच्या थंडरबर्डचा, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा. तत्त्वाने पाहिले तर ही लबाडीच: स्क्रूने जोडलेले दोन तुकडे एकाच रंगात बुडवून एकजीव असल्याचा आव. पण त्या चमचमत्या निळ्या रंगाची, निळ्याच कपाळाची जॅग्वार समोर आली की माझे तत्त्व डळमळते. ते लोभस आहे, आणि समीक्षकाने लोभ लपवू नये. ऐंशीच्या दशकातल्या टोकदार काळ्या कपाळांबद्दल मात्र मला काही म्हणायचे नाही. ती दुरून दिसण्यासाठी होती, दुरूनच बरी.

उघड्या लाकडाचे भक्त रंगाने आवाज दबतो असे सांगतात. माझ्या कानाला तो फरक कधी ऐकू आलेला नाही. शिवाय ‘नैसर्गिक’ म्हणून जे विकले जाते ते तरी कुठे निखळ असते? जुन्या मेपलवरची लाख वर्षानुवर्षे हवा-उजेड खाऊन मधासारखी पिवळी होत जाते. हल्ली नव्या गिटारला पहिल्याच दिवशी तो पिवळेपणा रंगाने देतात. ही तर काळ्या रंगाहून मोठी थाप. काळा रंग निदान आपण रंग आहोत हे लपवत नाही.

मिरजेत मी हेच, जरा तावातावाने, बोललो होतो. चाचा हसले. “रंग आम्हीबी देतो, मास्तर. बिनपालिसाची सतार कोण घेणार? पण आधी लाकूड बघून घ्यायचं, मग रंग. यांनी रंग आधी दिला.” त्यांनी चीर नव्याने सांधली, कपाळ तासून उघडेच ठेवले आणि वर नुसते पॉलिश मारले. घरी आल्यावर आईने पाहिले आणि म्हणाली, “अगोबाई, कपाळ पांढरं केलंत की हिचं!” भावाला ते इतके लागले की त्याने चाव्यांच्या मधोमध लाल टिकली चिकटवली. ती अजून आहे. चीरही अजून दिसते, आणि गिटार सुरात राहते.

गेल्या वर्षी त्याच्या मुलाने नवी गिटार घेतली. दुकानात मी त्याला पाठ उलटी करून दाखवायला लावली, सांध्यावर नख फिरवले. उघड्या कपाळाच्या दोन गिटारी मी त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने निळी घेतली, कपाळही निळे. “काका, तुम्हाला आवडली नाही ना?” त्याने विचारले. मी उत्तर दिले नाही. तो कॉलेजला गेला की मी पेटी उघडून बघतो.