पडद्याबाहेरचे तारे : ‘स्क्रीन स्नॅपशॉट्स’ कसे पाहावेत?

‘स्क्रीन स्नॅपशॉट्स’ ही अमेरिकन लघुपटमालिका १९२० साली सुरू झाली आणि १९५८ पर्यंत चालली. बराच काळ ती कोलंबिया पिक्चर्सची होती. प्रत्येक लघुपट साधारण १० मिनिटांचा. विषय एकच : चित्रीकरण नसताना हॉलीवूडचे तारे काय करतात? कुणी घरी, कुणी खेळाच्या मैदानावर, कुणी समारंभात.

विद्यार्थी मित्रहो, व्होल्टमीटर जोडला की परिपथातले व्होल्टेज थोडे बदलते, हे आपण प्रयोगशाळेत पाहतो. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. समोर कॅमेरा आहे हे ताऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे त्याचे ‘सहज’ वागणे हाही अभिनयच ठरतो. शिवाय काय दाखवायचे हे ठरवणारी कंपनी स्वतःच चित्रपट विकणारी. हसरे चेहरे तिच्या सोयीचे होते.

मग हे लघुपट निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. मागचा रस्ता, मोटारी, कपडे, बघ्यांची गर्दी यांकडे लक्ष द्या. खरा माहितीपट बहुतेक तिथेच सापडतो.

आज मोबाइलवर ‘पडद्यामागचे’ दृश्य पाहतानाही आधी विचारा : कॅमेरा कोणाचा, आणि तो कशासाठी लावला आहे?