पाहिलेलं, ऐकलेलं, मानलेलं : नवेगावच्या रानातल्या गोष्टी कशा वाचाव्यात

आजचा विषय आहे मारुती चितमपल्ली यांचं लेखन. सौंदडमध्ये या विषयावर बोलणं जरा अवघड आहे. नवेगावबांध इथून जवळ. ज्या पाण्याबद्दल, पाखरांबद्दल आम्ही बोलणार ती तुम्ही लहानपणापासून पाहिलेली. त्यामुळे नुसतं कौतुक करून आमची सुटका नाही.

१८ जून २०२५ रोजी चितमपल्ली गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्यावर जे मृत्युलेख आले त्यांत 'अरण्यऋषी' हा शब्द जवळजवळ प्रत्येकात होता. आमची पहिली तक्रार या शब्दाबद्दल आहे. ऋषी म्हटलं की ज्ञान तपश्चर्येतून आपोआप प्रकटलं, असं वाटायला लागतं. चितमपल्लींचं ज्ञान तसं आलेलं नाही, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. वनखात्याचा माणूस, कोइमतूरला रीतसर शिकलेला. पण नवेगावला आल्यावर तो माधवराव पाटील डोंगरवार यांच्या मागे मागे हिंडला. पाखरं, मासे, झाडं, तळ्याचा स्वभाव, हे सगळं माधवरावांना ठाऊक होतं. कुठल्या कॉलेजातून नाही, तर त्या बांधाच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यामुळे. चितमपल्लींच्या लेखनात माधवराव नावानिशी येतात, बोलतात, चालतात. हे आम्हाला त्या लेखनाचं सगळ्यात मोठं बळ वाटतं. भाषेच्या सौंदर्यापेक्षाही मोठं.

कसं ते सांगतो. निसर्गावरचं लेखन चांगलं की वाईट हे ठरवायला आम्ही एकच कसोटी लावतो : लिहिणाऱ्याला हे कसं कळलं, ते वाचकाला दिसतं का? कोण सांगत होतं, कुठे उभं राहून, किती दिवस पाहून?

या कसोटीला आपल्याच भागातलं दुसरं पुस्तक लावून बघा. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा'. माडगूळकर मोजक्या सामानानिशी जंगलात जाऊन राहिले, पायी हिंडले आणि जे दिसलं ते लिहिलं. ते पाहुणे आहेत, आणि पाहुण्यासारखंच बोलतात. जे दिसलं नाही त्याचा आव नाही. साधी राहणी तिथे उपदेशाला आलेली नाही, ती पाहण्याची रीत आहे. सामान कमी म्हणून पाय मोकळे, गडबड कमी म्हणून कान उघडे. पण ही राहणी निवडलेली आहे, थोड्या दिवसांची आहे. माधवरावांची राहणी निवडलेली नव्हती. तो फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता चितमपल्लींकडे परत येऊ. त्यांच्या लेखनात तीन प्रकारचं ज्ञान एकत्र वाहतं : स्वतः पाहिलेलं, दुसऱ्याकडून ऐकलेलं आणि लोक मानतात ते. अडचण अशी की, पुष्कळदा तिन्हींचा सूर एकच असतो. उदाहरण घ्या कावळ्याच्या घरट्याचं. झाडाच्या कोणत्या बाजूला कावळ्यानं घरटं केलं त्यावरून पावसाचा अंदाज, ही गोष्ट त्यांच्यामुळे घराघरांत गेली. दर मे महिन्यात वर्तमानपत्रं ती छापतात. पण हे त्यांनी किती वर्षं, किती घरटी पाहून ठरवलं? की जुन्या ग्रंथात वाचलं? की रानातल्या कुणी सांगितलं? वाचकाला ते कळायला हवं. घरट्याची दिशा टिपायची, पावसाचे आकडे शेजारी लिहायचे, दहा वर्षं. शाळेतली मुलं करू शकतील असं काम आहे. गोष्ट इतक्या गोडीनं सांगितली गेली की, तपासून बघावं असं कुणाला वाटलंच नाही. गोष्ट सांगण्याचा हा धोका आहे. टीकाकार म्हणून तो आम्ही बोलून दाखवायलाच हवा.

मग गोष्टी काढून टाकायच्या का? मुळीच नाही. नवेगावच्या तलावाचीच गोष्ट बघा. कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असं परंपरा सांगते. पुढे त्यांचाच देव झाला, कोलासुर. आणि काठावरच्या टेकड्या म्हणजे सातबहिणी, तलाव बांधायला मदत करणाऱ्या देवी. आता ही गोष्ट बांधकामाच्या नजरेनं वाचा. टेकड्यांनी मदत केली, हे शब्दशः खरं आहे! टेकड्या होत्या म्हणून मधल्या जागा बांधून पाणी अडवता आलं. टेकड्यांवरचं रान टिकलं तरच तळ्यात पाणी येणार आणि गाळ कमी येणार. ज्या टेकडीला बहीण म्हटलं, तिच्यावर कुऱ्हाड घालताना हात अडखळतो. इथे मानलेलं आणि पाहिलेलं एकमेकांना धरून उभं आहे. मात्र हे आपल्याला सुटं करून बघता येतं, म्हणूनच त्याची किंमत कळते.

चितमपल्लींनी शब्दही असेच जमवले, घडवले. बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार. 'पक्षीकोश' हे त्यांचं मोठं काम. पण आमच्या मनात एक खोच राहते. संस्कृत वळणाचा शब्द ग्रंथात शोभतो. ढिवराच्या, गोंडाच्या तोंडी त्याच वसाहतीला काय म्हणतात, तो शब्द शेजारी असला तर वाचकाला दोन्ही घरं दिसतील.

आता तो मघाचा फरक. नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. उद्यानाच्या आतली कालीमाटी, कवलेवाडा, झनकारगोंदी ही गावं उठली आणि इथेच, सौंदडच्या शेजारी, श्रीरामनगर म्हणून वसली. मागण्या पुऱ्या झाल्या नाहीत म्हणून तिथल्या लोकांनी पुन्हा जुन्या गावांची वाट धरल्याच्या बातम्याही तुम्ही वाचल्या आहेत. वाघाला जागा हवी, यावर आमचा वाद नाही. आमचं म्हणणं वाचकांबद्दल आहे. 'रानवाटा' वाचून आपण हळवे होतो, साध्या राहणीवर भाषणं करतो. आणि जी माणसं खरोखर त्या राहणीत होती, ती आता हायवेजवळच्या वसाहतीत आहेत. मोह कधी फुलतो, कोणत्या डबक्यात कोणता मासा उरतो, हे त्यांना माहीत होतं, कारण त्यावर त्यांची चूल पेटत होती. चूल बदलली की ते ज्ञान एका पिढीत आटतं. त्यांचा माधवराव कोण होता, हे कुणी लिहून घेतलं का?

म्हणून चितमपल्लींना खरी आदरांजली वाहायची असेल तर ऋषी म्हणून हात जोडण्यापेक्षा त्यांनी केलं ते करावं. जाणत्याच्या मागे चालावं आणि त्याचं नाव लिहावं. फक्त एक सुधारणा करून. वहीत तीन रकाने आखा : पाहिलेलं, ऐकलेलं, मानलेलं. सांगणाऱ्याला विचारून त्याचं नाव वर घाला, आणि लिहून झालं की त्याला वाचून दाखवा. सौंदडहून श्रीरामनगरला जायला गाडीसुद्धा लागत नाही. तिथली म्हातारी माणसं अजून आहेत, आणि पावसाळ्याआधी त्यांना थोडा वेळही असतो.