'सुजाता' आणि प्रकृती : एका चित्रपटाचे धम्मदृष्टीने परीक्षण

बुद्धकथा आज ग्रंथांपेक्षा पडद्यावरून अधिक लोकांपर्यंत पोहोचते. असे असूनही बौद्ध वाङ्मयातील कथाबीजे उचलणाऱ्या चित्रपटांची धम्मदृष्टीने चिकित्सा आपल्याकडे अभावानेच झाली आहे. ही उणीव अल्पांशाने भरून काढावी, या हेतूने आम्ही बिमल रॉय यांच्या 'सुजाता' (१९५९) या हिंदी चित्रपटाचा येथे विचार करीत आहोत. या चित्रपटाला सन्मान पुष्कळ मिळाले. १९६० च्या कान महोत्सवातही तो दाखविला गेला. मात्र त्याच्या मुळाशी असलेल्या बौद्ध कथेकडे समीक्षकांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

कथानक सर्वपरिचित आहे. पटकीच्या साथीत आईबाप गमावलेली एक अस्पृश्य बालिका उपेन या अभियंत्याच्या ब्राह्मण कुटुंबात वाढते. उपेनची पत्नी चारू (सुलोचना) तिचा सांभाळ करते, पण तिची ओळख करून देताना ती 'मुलगी' असे म्हणत नाही. 'मुलीसारखी' असे म्हणते. पोटची मुलगी रमा शिकते, तर सुजाता घरकाम आणि बागकाम करते. 'मुलगी' आणि 'मुलीसारखी' या दोन शब्दांमधील अंतरात दिग्दर्शकाने सुशिक्षित, सौम्य आणि सभ्य घरातील अस्पृश्यता अचूक पकडली आहे. या घरात कोणी सुजाताला मारीत नाही, उपाशीही ठेवीत नाही. तरीही तिची जात तिच्या आणि आईच्या मध्ये सदैव उभी असते. नूतन यांचा संयत अभिनय ही या चित्रपटाची खरी शक्ती होय.

बिमल रॉय यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणाच्या २५०० व्या वर्षाच्या निमित्ताने राजबन्स खन्ना यांनी दिग्दर्शित केलेल्या 'गोतम द बुद्ध' या अनुबोधपटाची निर्मिती त्यांनीच केली होती. शिल्पे आणि भित्तिचित्रे यांच्या आधारे बुद्धचरित्र उलगडणाऱ्या त्या अनुबोधपटाची १९५७ च्या कान महोत्सवात विशेष दखल घेतली गेली. आज तो जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. हेतू शुद्ध असतानाही बुद्धकथेचे काय होऊ शकते, हाच येथे आमच्या चिंतेचा विषय आहे.

'सुजाता' चित्रपटात रवींद्रनाथ ठाकूर यांच्या 'चंडालिका'चा प्रयोग येतो. 'चंडालिका' हे नाटक १९३३ चे असून त्याची नृत्यनाटिका १९३८ मध्ये झाली. रवींद्रनाथांना ही कथा राजेंद्रलाल मित्र यांच्या नेपाळमधील संस्कृत बौद्ध वाङ्मयावरील ग्रंथातून मिळाली. तिचे मूळ 'दिव्यावदाना'तील 'शार्दूलकर्णावदाना'त आहे. पालि तिपिटकात ती या रूपात आढळत नाही.

मूळ कथा अशी. श्रावस्तीत आनंद एका मातंगकन्येकडे पाणी मागतो. आपली जात सांगून ती संकोचते. आपण जात विचारली नसून पाणी मागितले आहे, असे आनंद तिला समजावतो. प्रकृती त्याच्यावर अनुरक्त होते, तिची आई मंत्रप्रयोग करते आणि तथागत आनंदाची सुटका करतात. पण मूळ कथा येथे संपत नाही. प्रकृती तथागतांकडे येते, प्रव्रज्या घेते आणि भिक्षुणी होते. यामुळे श्रावस्तीत खळबळ उडते. ब्राह्मण आणि राजा प्रसेनजित तथागतांकडे जातात, तेव्हा तथागत पूर्वजन्मीची कथा सांगतात. मातंगराजा त्रिशंकू आपला पुत्र शार्दूलकर्ण याच्यासाठी पुष्करसारी या ब्राह्मणाची कन्या मागतो. ब्राह्मण संतापतो. त्यावर त्रिशंकू जातिभेदाचे सविस्तर खंडन करतो आणि अखेरीस ब्राह्मण आपली कन्या देण्यास मान्यता देतो. अवदानाचा गाभा या वादविवादात आहे. प्रेमकथा ही केवळ त्याची प्रस्तावना होय.

रवींद्रनाथांनी ही प्रस्तावना तेवढी घेतली. प्रकृतीच्या अंतःकरणातील खळबळ त्यांनी उत्कटतेने रंगविली, यात संशय नाही. पण प्रव्रज्या गळाली आणि त्रिशंकूचा युक्तिवादही गळाला. चित्रपटाने याच्याही पुढचे पाऊल उचलले. प्रकृतीपाशी निदान स्वतःची वाणी होती, सुजाताजवळ तीही उरली नाही. तलत महमूद यांच्या आवाजातील प्रसिद्ध गीत नायक दूरध्वनीवरून गातो आणि ती ते मूकपणे, अश्रू ढाळीत ऐकते. दृश्य सुंदर आहे; परंतु साऱ्या चित्रपटातील तिची अवस्था याच दृश्यात सामावली आहे. तिच्या वतीने बोलतात ते इतर.

शेवट विशेष विचारणीय आहे. चारू अपघातात जखमी होते, तिला रक्ताची गरज भासते आणि नेमके सुजाताचेच रक्त जुळते. रक्तदानानंतर चारू तिला कन्या म्हणून स्वीकारते. मनुष्यमात्राचे रक्त एकच आहे हा युक्तिवाद आम्हांस परका नाही. तृण, वृक्ष, पशुपक्षी यांच्यात जातिभेदाची चिन्हे दिसतात, तशी माणसांत दिसत नाहीत, असे वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी स्पष्ट केले आहे. परंतु तेथे हे सत्य तर्काने सिद्ध होते; त्यासाठी कोणा शूद्राला वा चांडाळाला आपले रक्त द्यावे लागत नाही. चित्रपटात मात्र समता हे सेवेचे बक्षीस ठरते. रक्त जुळले नसते तर सुजाता 'मुलीसारखी'च राहिली असती काय, या प्रश्नाला चित्रपटापाशी उत्तर नाही. त्यात गांधीजींचा आदर्श आवर्जून येतो, हेही योगायोगाने घडलेले नाही. सवर्णांचे हृदयपरिवर्तन होईपर्यंत अस्पृश्याने थांबावे, हीच त्या मार्गाची मर्यादा होती.

चित्रपटाच्या दोन वर्षे आधी, १९५७ मध्ये, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यातही प्रकृतीची कथा आहे. बाबासाहेबांनी तिला स्थान दिले ते स्त्रियांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात, महाप्रजापती गौतमी आणि यशोधरा यांच्या पंक्तीला. कथेची परिणती त्यांनी संघप्रवेशात केली. रवींद्रनाथांनी गाळलेला भाग बाबासाहेबांनी कथेचा कळस म्हणून पुन्हा स्थापिला. ही निवड आपल्या अभ्यासकांनी बारकाईने पाहावी, असे आम्हांस वाटते. प्रकृतीला कोणाच्या घरात जागा मिळाली नाही. ती स्वतः चालत गेली आणि संघात समान झाली.

नायिकेच्या नावाचाही विचार करू. निदानकथेतील सुजाता ही सेनानी ग्रामातील गृहस्थाची कन्या. बोधिसत्त्वाला तिने पायस अर्पण केले. 'सुजाता' म्हणजे सुकुलात जन्मलेली. अस्पृश्य कन्येला हे नाव देण्यातील उपरोध मार्मिक आहे. परंतु पालि परंपरेत जन्माला आणखी एक अर्थ आहे. अंगुलिमाल सुत्तात भगवंत अंगुलिमालास 'अरिया जाति' म्हणजे आर्य जन्म लाभल्यापासूनच्या आयुष्याविषयी बोलावयास सांगतात. हा जन्म मातेच्या उदरातून होत नाही, तो धम्मात होतो. या अर्थाने प्रकृती सुजाता ठरते. चित्रपटातील सुजाताला मात्र हा जन्म घेण्याची संधीच मिळत नाही; तिला केवळ दुसऱ्याच्या कुळात स्वीकारले जाते.

तरीही 'सुजाता' टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. सभ्यतेच्या पडद्याआडची जात इतक्या नेमकेपणाने दाखविणारे चित्रपट आजही थोडे आहेत. पुढे नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) जब्याने शेवटी दगड भिरकावला, तेव्हा स्वीकाराची याचना संपल्याचे आपण पाहिले. परंतु दगड हा नकार आहे. प्रव्रज्या हा नकारही आहे आणि नवी उभारणीही. मूक सुजाता आणि संतप्त जब्या यांच्या पलीकडची प्रकृती, भर सभेत जातीचे खंडन करणाऱ्या त्रिशंकूसह, मराठी पडद्यावर यावयाची आहे. आपल्या तरुण दिग्दर्शकांनी 'दिव्यावदान' आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत. विहारांतून 'सुजाता' अवश्य दाखवावा. मात्र चित्रपट संपल्यावर मूळ अवदान वाचून दाखवावे आणि प्रकृतीचे पुढे काय झाले, हे मुलामुलींना सांगावे.