इतिहासाचे इमान आणि रंजनाची मुभा : जीवनसंघर्षाचे चित्रपट व गाविलगडचा प्रश्न

प्रास्ताविक

जेथे राज्याचा अंमल विरळ होत जातो आणि डोंगर, जंगल, अंधार व भूक यांचा अंमल सुरू होतो, अशा सरहद्दीवर एकट्या किंवा मूठभर माणसांनी दिलेली जगण्याची झुंज हा चित्रपटसृष्टीचा आवडता विषय राहिला आहे. अशा चित्रपटांविषयीची चर्चा बहुधा दोन ठरावीक वाटांनी जाते. एक पक्ष वेशभूषा, शस्त्रे, तिथी यांतील चुकांची यादी करतो. दुसरा पक्ष 'चित्रपट म्हणजे माहितीपट नव्हे' असे म्हणून विषय संपवतो. पहिला पक्ष प्रत्येक बदलाला सारखेच वजन देतो, तर दुसरा कोणत्याच बदलाला वजन देत नाही. त्यामुळे दोन्ही भूमिका अपुऱ्या ठरतात. चित्रपटाने इतिहासात बदल केला की नाही, यापेक्षा कोठे बदल केला हा प्रश्न महत्त्वाचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. साधने मौन पाळतात तेथे कल्पनेला मुभा असावी; ती बोलतात तेथे मात्र, विशेषतः घटनेचा अर्थ आणि कष्टाचे श्रेय यांबाबत, इमान राखले जावे. या निकषाची तपासणी एक मराठी व एक अमेरिकन चित्रपट यांच्या आधारे करून तो वऱ्हाडच्या सरहद्दीवरील गाविलगडास लावून पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

मौन आणि कल्पना : 'हिरकणी'

प्रसाद ओक दिग्दर्शित 'हिरकणी' (२०१९) या चित्रपटाचा आधार रायगडाची सर्वपरिचित लोककथा हा आहे. दूध घालण्यासाठी गडावर गेलेली गवळण सूर्यास्तानंतर दरवाजे बंद झाल्याने अडकते आणि घरी असलेल्या तान्ह्या बाळासाठी रात्रीच कडा उतरून जाते. ही कथा टिकली ती मुख्यतः लोकपरंपरेने. चार-सहा वाक्यांत सांगून होणाऱ्या या कथेचा पूर्ण लांबीचा चित्रपट करावयाचा, तर पती, संसार, गाव, संवाद हे सारे कल्पनेनेच भरावे लागते. जीवा हे हिरकणीच्या पतीचे पात्र चित्रपटात ज्या तपशिलाने उभे राहते, तो तपशील लोककथेत नाही. तथापि यात इतिहासाचा अपलाप होत नाही, कारण ज्याचा अपलाप व्हावा असे लिखित साधनच येथे समोर नाही.

असे असले तरी ही मुभा अमर्याद नाही. या कथेचा सारा भार दोन गोष्टींवर आहे : दरवाजे सूर्यास्तास बंद होतात आणि कडा उतरण्याजोगा नाही. यांपैकी एक गडाचा नियम, तर दुसरा भूमीचा. यांतील एकही सैल पडला तर मातृत्वाच्या धैर्याची कथा कोसळते. म्हणून अशा चित्रपटात अचूकतेची खरी जागा दागिन्यांपेक्षा खडकात, अंधारात आणि उतरायला लागणाऱ्या वेळात असते. कथेच्या शेवटाकडेही लक्ष द्यावयास हवे. महाराज त्या जागी बुरूज बांधवितात, तो तिच्या धैर्याचा गौरव असतो आणि त्याच वेळी शत्रूला चढता येईल अशी उघडी पडलेली वाट बंद करण्याचा उपायही असतो. लोकपरंपरेचे हे राजकीय भान कौतुकाच्या भरात हरवू न देणे, हेही इतिहासाशी इमान राखणेच होय.

बदललेला शेवट : 'द रेव्हेनंट'

याउलट उदाहरण 'द रेव्हेनंट' (२०१५) या चित्रपटाचे आहे. १८२३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस, आजच्या दक्षिण डकोटा राज्याच्या परिसरात, ह्यू ग्लास या शिकाऱ्यावर अस्वलाने हल्ला केला. त्याच्या शुश्रूषेसाठी मागे ठेवलेले दोन सोबती त्याची बंदूक घेऊन निघून गेले. ग्लास मात्र सरपटत, चालत शेकडो किलोमीटर अंतर कापून वस्तीवर पोहोचला. या प्रवासाचा त्याच्या स्वतःच्या हातचा वृत्तान्त उपलब्ध नाही. ही हकिकत १८२५ पासून इतरांच्या लेखणीतून छापली गेली. म्हणजे येथेही कल्पनेला मोठा वाव होता.

दिग्दर्शक आलेहांद्रो इन्यारितू यांनी हा वाव घेतला. हिवाळ्याचे कडक वातावरण, पॉनी पत्नीपासून झालेला मुलगा आणि त्या मुलाचा खून हे सारे चित्रपटाने घातलेले आहे. ऋतूतील बदल एकवेळ सोडून देता येईल. पण खून घातल्याने सूड अपरिहार्य होतो आणि सुडामुळे शेवट बदलतो. परंपरेने सांगितलेल्या हकिकतीत ग्लास दोघांपैकी तरुण सोबत्याला क्षमा करतो. दुसरा सैन्यात भरती झालेला असल्याने त्याला मारणे शक्य नसते, तेव्हा आपली बंदूक परत घेऊन ग्लास थांबतो. चित्रपटात दुसऱ्याचा मृत्यू घडतोच. अखेरचा घाव नायक स्वतः घालीत नाही, सूड ईश्वराच्या हाती सोपवतो, यात दिग्दर्शकाची अस्वस्थता दिसते. तरीही प्रेक्षकाला हवा असलेला मृत्यू मिळतोच. जिवंत राहण्याची चिकाटी आणि मारण्याची चिकाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा मूळ हकिकतीचा अर्थ येथे पुसला जातो. छायाचित्रण व अभिनय यांच्या निर्विवाद श्रेष्ठतेने ही हानी भरून निघत नाही. किंबहुना प्रतिमा जितकी प्रभावी, तितका बदललेला अर्थ अधिक खोल रुजतो.

गाविलगड : श्रेयाचे स्थलांतर

ग्लासच्या हकिकतीचे १८२३ हेच वर्ष वऱ्हाडातही येते. कॅप्टन रॉबिन्सन याने त्या वर्षी चिखलदऱ्याचा 'शोध' लावला, असे पर्यटनविषयक साहित्यात सांगितले जाते. गवळी आणि कोरकू यांच्या वावरातील, कीचकवधाच्या आख्यायिकेशी जोडलेल्या आणि शेजारी १४२५ चा बहामनी किल्ला असलेल्या पठाराला 'शोध' हा शब्द लावणे म्हणजे एखाद्या जागेचा इतिहास बाहेरचा माणूस आल्यापासून मोजणे होय. जीवनसंघर्षाच्या पुष्कळ चित्रपटांची दृष्टी नेमकी हीच असते.

गाविलगडच्या वेढ्याची हकिकत या दृष्टीने बोलकी आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या लढाईनंतर आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा गाविलगडकडे वळल्या. दक्षिणेकडून कडे दुर्गम असल्याने स्टीव्हन्सनच्या फौजेने उत्तरेच्या बाजूला पोहोचण्यासाठी ७ ते १२ डिसेंबर या काळात डोंगरांतून, स्वतः वाटा तयार करीत, अवजड तोफा ओढून नेल्या. १५ डिसेंबरला हल्ला झाला. बाहेरच्या किल्ल्यात शिरलेले सैन्य आतल्या दरवाजांशी अडले, तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने दरी ओलांडून भिंतीला शिडी लावली आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला.

या वेढ्यावर बर्नार्ड कॉर्नवेल यांची 'शार्प्स फोर्ट्रेस' (१९९९) ही इंग्रजी कादंबरी आहे. तीत भिंत चढण्याचा पराक्रम शार्प या काल्पनिक नायकाकडे जातो. याच मालिकेतील भारतविषयक कादंबऱ्यांचा सैल आधार घेणारा 'शार्प्स चॅलेंज' (२००६) हा दूरचित्रवाणीपट काळ १८१७ वर नेतो, किल्ला काल्पनिक ठेवतो आणि चित्रण राजस्थानात करतो. अशा रीतीने कादंबरीत श्रेय सरकते, तर पडद्यावर भूमीच बदलते. कादंबरीकार अखेरीस टिपण जोडून काय बदलले ते सांगू शकतो. चित्रपटाला ती सोय क्वचितच असते.

वऱ्हाडापुढील प्रश्न

यावर 'मग साधनांबरहुकूम चित्रपट काढावा' हे उत्तर सोपे वाटते. परंतु ते पुरेसे नाही. या वेढ्याची प्रमुख व सहज उपलब्ध साधने विजेत्यांच्या हातची आहेत. त्यांचे शब्दशः अनुसरण केले तर निघणारा चित्रपट अचूक असूनही वेलस्लीचाच राहील. लष्करी खलित्यांत पलटणी आणि अधिकारी नावानिशी येतात. वाट दाखवणारा, बैल हाकणारा, वैरण देणारा माणूस सहसा येत नाही. त्यातच १८०३-०४ मध्ये दख्खनमध्ये दुष्काळ पडला होता. फौजा पुढे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या गावांची जगण्याची झुंज ही भिंत चढण्याच्या झुंजीहून लहान म्हणता येणार नाही. साधनांचे मौन नेमके येथे आहे आणि कल्पनेची खरी गरजही येथेच आहे. कोरकू वाटाड्याचे किंवा पायथ्याच्या कास्तकार स्त्रीचे पात्र निर्माण करणे हा इतिहासाचा द्रोह ठरणार नाही. मात्र त्याच पात्राच्या हातून बेनीसिंगाला वाचवणे किंवा किल्ला राखणे, हा द्रोह ठरेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, इतिहास आणि रंजन यांचे वैर स्वाभाविक नाही. 'हिरकणी'त कल्पना मौन भरून काढते, 'द रेव्हेनंट'मध्ये ती अर्थ उलटवते आणि शार्पच्या कथेत ती श्रेय व भूमी दोन्ही हलवते. हे तीन बदल एकाच मापाने मोजता येत नाहीत. अमरावती व अकोला येथील विद्यार्थ्यांच्या मनातील ऐतिहासिक संघर्षाचे चित्र आज पाठ्यपुस्तकापेक्षा पडद्यावरून अधिक घडते, आणि त्या पडद्यावर सह्याद्री वारंवार येतो, सातपुडा जवळजवळ येत नाही. म्हणून वर्गात चित्रपटाच्या चुका शोधण्यापेक्षा, कोणते मौन भरले, कोणता शेवट बदलला आणि कोणाचे कष्ट कोणाच्या नावे लागले, हे तीन प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरेल. गाविलगडावर उद्या मराठी चित्रपट निघाला, तर त्याची कसोटीही याच प्रश्नांवर लागावी. तोफ कोणत्या बनावटीची होती याचे उत्तर कागदांत मिळेल. ती जेथून ओढून नेली त्या वाटेवरची माणसे त्या हिवाळ्यात कशी जगली, याचे उत्तर मात्र कलावंतालाच जबाबदारीने शोधावे लागेल.