गौतम राजाध्यक्षांची छायाचित्रे : कलामूल्य आणि बाजारमूल्य

फॅशन छायाचित्रणाचा उगम नियतकालिके व जाहिरात यांच्या गरजेतून झाला. त्यामुळे कलासमीक्षेने त्याची दखल उशिरा घेतली. बाजाराने मात्र घेतली. रिचर्ड ॲव्हेडन यांनी १९५५ मध्ये पॅरिसच्या सर्कशीत हत्तींमध्ये उभ्या केलेल्या डोविमा या मॉडेलचे छायाचित्र 'हार्पर्स बाझार'साठी टिपले. २०१० मध्ये ख्रिस्तीजच्या पॅरिस येथील लिलावात त्याला ८ लाख ४१ हजार युरो मिळाले. विकली गेली ती १९७८ मध्ये केलेली भव्य प्रत, आणि खरेदीदार होते डोविमाचा पोशाख शिवणारे डिओर हेच घराणे! किंमत प्रतिमेची नव्हे, त्या विशिष्ट प्रतीची होती, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

या पार्श्वभूमीवर गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांच्या कार्याचा विचार उद्बोधक ठरतो. १९७४ मध्ये ते लिंटास या जाहिरातसंस्थेत दाखल झाले आणि १९८७ पासून पूर्णवेळ व्यावसायिक छायाचित्रणाकडे वळले. 'फेसेस' (१९९७) या ग्रंथात दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या राय यांच्यापर्यंतचे ४५ चित्रपट कलावंत आहेत. ॲव्हेडनच्या चित्रात पोशाख हाच नायक आहे. त्याच्या पट्ट्याची रेषा हत्तींच्या सोंडांशी संवाद साधते. राजाध्यक्षांकडे वस्त्र आणि अलंकार चेहऱ्याची चौकट होतात. मृदू प्रकाश हे त्यांचे सामर्थ्य, आणि मर्यादाही. त्या प्रकाशात व्यक्ती खुलते, परंतु वय, थकवा, कटुता यांच्या खुणा पुसट होतात. चेहरा सुंदरच दिसला पाहिजे, ही व्यवसायाची अट त्यांनी शैलीच्या पातळीवर नेली. तिला केवळ खुशामत म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि काही चेहरे परस्परांसारखे भासू लागतात, हेही नाकारता येत नाही.

अशा छायाचित्राचे मोल नियतकालिक, निर्माता वा जाहिरातदार देत असे, आणि ते एका वापराचे मोल असे. लिलावगृहाला हवी असते दुर्मीळ, स्वाक्षरीयुक्त प्रत. राजाध्यक्षांची प्रतिमा मात्र हजारो घरांत छापील पानावरूनच पोहोचली. त्यांनी संपादन केलेल्या 'चंदेरी'सारख्या पाक्षिकाचा अंक वाचून झाला की रद्दीत जाई. महाविद्यालयीन ग्रंथालये वाङ्मयीन नियतकालिकांचे अंक बांधून ठेवतात, चित्रपटविषयक अंकांच्या वाट्याला ते भाग्य क्वचितच येते. मुंबईच्या कलादालनांपासून दूर असलेल्या नागपूरच्या अभ्यासकाची खरी अडचण ही आहे. चौकटीतील प्रत त्याच्या आवाक्याबाहेर असते. आणि जो पिवळा पडलेला अंक त्याला शेजारच्या पानावरील जाहिरात, छायाचित्राखालची ओळ व प्रकाशनाची तारीख यांसह अधिक पुरावा देऊ शकला असता, तो किलोच्या भावाने केव्हाच विकला गेलेला असतो.