बोलायला बंदी असलेला खेळ

एचआरवाले बस करून लोणावळ्याला नेतात, सकाळी पोहे, मग 'चला, टीम करा'. हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी भोगलंय. त्याची टिंगल करणं सोपं आहे. पण नाटकाची, सिनेमाची करतो तशी खेळाचीही समीक्षा करता येते असं आम्हांला वाटतं. संवाद सुधारतो म्हणता, तर नेमकं काय सुधारतं? दोनच खेळ घेऊ.

पहिला मार्शमॅलोचा. मूळ पीटर स्किलमन यांचा. टॉम वुजेक यांच्या २०१० च्या टेड भाषणाने तो घरोघरी, म्हणजे ऑफिसोऑफिसी गेला. चार माणसं, स्पॅगेटीच्या २० काड्या, यार्डभर चिकटपट्टी, यार्डभर दोरी, एक मार्शमॅलो आणि १८ मिनिटं. मनोरा उभारायचा, मार्शमॅलो टोकावर. यात बालवाडीतली पोरं एमबीएवाल्यांना हरवतात, ही गोष्ट आपल्याकडचा प्रत्येक ट्रेनर सांगतो. पोरं मार्शमॅलो लावून पुन्हा पुन्हा करून बघतात, साहेब कोण यावर वेळ घालवत नाहीत. मोठी माणसं आधी योजना आखतात आणि शेवटच्या मिनिटाला मनोरा कोसळतो. टाळ्या!

पण त्याच भाषणात आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र गळून जाते. नुसत्या सीईओंच्या गटापेक्षा, ज्या गटात त्यांच्या सचिव-सहायकांपैकी कुणी होतं, त्यांचा मनोरा बराच उंच गेला. वेळेवर लक्ष ठेवणं, कुणाचं काय चाललंय ते जुळवून देणं, हे काम कुणीतरी करावं लागतं. आपल्या ऑफिसात हे काम कोण करतं? बहुधा ज्यांना लोणावळ्याच्या बसमध्ये जागाच नसते, ते. आमच्या मते या खेळातला हाच अस्सल माल, आणि ट्रेनर नेमका तोच टाकून देतो, कारण 'मुलांसारखे व्हा' हे ऐकायला गोड लागतं.

दुसरा खेळ जुना. एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्या मंडळींनी बसवलेला 'बिअर गेम'. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना अशी चार जणांची साखळी. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त मागणीची चिठ्ठी पुढे सरकवायची. चिठ्ठी पोचायला वेळ, माल यायला वेळ. गिऱ्हाईक आठवड्याला चार पेट्या घेत असतं, पुढे आठ घेऊ लागतं, आणि मग शेवटपर्यंत आठच. बदल एवढाच, बरं का. तरी आधी सगळीकडे तुटवडा, सगळे घाबरून जादा मागवतात, आणि मग मालाचे ढीग. जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. खेळ संपल्यावर 'गिऱ्हाइकाची मागणी कशी होती, काढून दाखवा' म्हटलं की लोक चढउताराची लाट काढतात. म्हणजे गोंधळ आपण घातला आणि नाव गिऱ्हाइकाचं!

आता गंमत बघा. बोलायला मोकळीक असलेल्या खेळापेक्षा, बोलायला बंदी असलेला हा खेळ संवादाबद्दल जास्त सांगून जातो. माणसं वाईट बोलतात म्हणून अडत नाही. माहिती कुठून कुठे जाते आणि किती उशिरा पोचते, यावर अडतं. हे कळायला मिठी मारण्याचे, डोळे मिटून मागे पडण्याचे खेळ उपयोगाचे नाहीत.

पण या खेळालाही आम्ही पूर्ण गुण देणार नाही. त्यात चौघेही एका पायरीवर आहेत. आपल्याकडे अडचण उलटी असते. कारखान्यातल्या पोराला आकडा माहीत असतो, पण मीटिंगमध्ये साहेबांसमोर तो तोंड उघडत नाही, कारण मार्चमध्ये अप्रेझल त्याच साहेबांच्या हातात असतं. रविवारी दोरीच्या खेळात त्यानं साहेबांना 'अहो, तुमचं चुकतंय' म्हटलं, सगळे हसले. सोमवारी तेच वाक्य म्हणायला तो धजत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. नियम बदललेच नाहीत, फक्त एक दिवस बाजूला ठेवले होते.

म्हणून खेळ कुठला, हे आम्ही दुय्यम मानतो. खेळानंतरच्या चर्चेत पहिलं कोण बोलतं ते बघा. साहेबच बोलले, तर पुढचे सगळे त्यांचंच वाक्य फिरवून म्हणतात. ती अर्ध्या तासाची चर्चाही बऱ्याचदा जेवणाची वेळ झाली म्हणून गुंडाळतात, हा आणखी एक भाग.

चला, आता प्रश्न घेऊ.