अनुदान, ओवी आणि पुनर्भेट

लोकसमूहाच्या सहभागाने चालणाऱ्या मानव्यविद्येच्या प्रकल्पांना मिळणारी अनुदाने आपली फलश्रुती बहुधा संख्येत मागतात: गावे किती, गीते किती, ध्वनिमुद्रण किती तासांचे. मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासाला हे माप पुरेसे आहे काय, हे जात्यावरील ओव्यांच्या एका मोठ्या संकलनाच्या आधारे तपासता येते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातील ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेमार्फत हे संकलन उभे केले. हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने १९९०च्या दशकात ध्वनिमुद्रणाची व संगणकीय सूचीची जोड मिळाली. युनेस्को, नेदरलँड्सचे विकास सहकार्य मंत्रालय आणि शार्ल लेओपोल्ड मेयेर प्रतिष्ठान यांनी अर्थसाहाय्य केले.

साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’पासून ओवी मराठी वाचकासमोर आली ती मुख्यतः संहिता म्हणून. या प्रकल्पात ओवीसोबत गायिकेचे नाव आणि गावही नोंदले गेले. ‘गरीब डोंगरी संघटने’शी जोडलेल्या ग्रामीण स्त्रिया संकलनात आणि अर्थनिर्णयनात सहभागी झाल्या. प्रकल्पाचे खरे मोल या सहभागात आहे. मात्र त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. जात्यावर एका ओवीतून दुसरी सुचत जाते. विषयवार वर्गीकरणात हा प्रवाह खंडित होतो. माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या या दृष्टीने बोलक्या आहेत. घरच्या नात्यांची ओवी तेथे राजकीय जाणिवेची वाहक होते. या स्थित्यंतराचा उलगडा सूचीतील शीर्षकाने होत नाही. त्यासाठी गाणाऱ्या स्त्रीशी पुन्हा बोलावे लागते.

पॉइटवँ यांचे २००४ साली आणि राईरकर यांचे २०१० साली निधन झाले. २०१७पासून ‘पारी’ या संग्रहाने ओव्या प्रकाशित करताना काही गायिकांच्या पुन्हा भेटी घेतल्या, त्यांची जीवनकथने नोंदवली. दळण गिरणीत गेले, ओवीचा प्रसंग सरला; तरीही ती स्मरणात टिकली होती, हे या भेटींतून दिसले. पहिल्या संकलनाला मोठे बळ लागते. पुनर्भेटीला एखादी कार्यकर्ती, प्रवासखर्च आणि सवड पुरते. लहान अनुदानाचे स्वाभाविक क्षेत्र हेच होय.

छत्तीसगडमधील एक उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त ठरते. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या पंडवानी गायिका तीजनबाई यांना भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी मिळाली. प्रकल्पाच्या मुदतीत न बसणारा हा आधार होता, पण तो एका प्रतिभावंत व्यक्तीला लाभला. पंडवानीला रंगमंच आणि श्रोता आहे. ओवीला दोन्ही नाहीत. भिलाईच्याच औद्योगिक पट्ट्यातील हथखोजसारख्या वस्तीत घरकामाबरोबर गायिले जाणारे एखादे अनाम गीत असेल, तर त्याला ना नोकरीचा आधार मिळेल, ना पुरस्काराचा. त्याच्यासाठी लहान अनुदानच उरते.

म्हणून अशा अनुदानाचे मूल्यमापन करताना गीतांच्या संख्येपूर्वी एक प्रश्न विचारला जावा: जिने गीत दिले, तिच्यापर्यंत ते अर्थासह परत पोहोचले काय? तौलनिक साहित्याभ्यासालाही हा प्रश्न टाळता येणार नाही. गायिकेचे स्वतःचे वाचन वगळून दोन मौखिक परंपरांची केलेली तुलना ही अखेर दोन सूचींची तुलना ठरते.